ब्रेड मशीनला पीठ कळत नाही

मराठी घरात ब्रेड मशीन आलं की पहिल्या आठवड्यात त्यात ब्रेड होतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून कणीक. पुढे ते एकतर माळ्यावर जातं, नाहीतर ओट्यावर ठाण मांडतं. आणि ठाण मांडतं ते बहुतेक वेळा कणकेच्या जोरावर. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही युक्ती फार आधी सापडली. सुट्टीच्या दिवशी सकाळी भांड्यात पीठ, पाणी, मीठ, तेल घालायचं, मळण्याचं बटण दाबायचं, पीठ फुगवण्याची पायरी सुरू व्हायच्या आत मशीन बंद करायचं आणि उंडा काढून पोळ्या लाटायला घ्यायच्या. पोळीचा विचार हे यंत्र घडवणाऱ्यांच्या डोक्यात नव्हता. त्यांना हवा होता तो चौकोनी, पांढरा, मऊ जपानी ब्रेड. तरीही ज्या कामात या यंत्राची खरी कसोटी लागली ते काम मळण्याचंच होतं. म्हणून आपल्या बायकांनी त्याला कणकेला जुंपलं, तेव्हा त्यांनी त्याची नेमकी नस पकडली असं मला वाटतं.

झाकण उघडून आत पाहिलं तर यंत्र म्हणावं असं फारसं काही दिसत नाही. आतून न चिकटणारा लेप दिलेलं उभट भांडं, तळाशी बोटभर उंचीचं पातं, भांड्याभोवती तापणारी कॉइल आणि तापमान पाहणारा सेन्सर. या सगळ्यांना वेळापत्रकाबरहुकूम चालवणारी एक चिप असते. पातं पीठ मळतं, थांबतं, पुन्हा मळतं. कॉइल थोडी उबदार होते, पीठ फुगतं. पातं दोन-चार वेळा फिरून त्यातली हवा काढतं. पीठ पुन्हा फुगतं. मग त्याच भांड्यात, त्याच जागी ब्रेड भाजला जातो. साध्या पांढऱ्या ब्रेडला तीन ते चार तास लागतात, कणकेच्या ब्रेडला त्याहून जास्त. ब्रेडच्या बुडाला पात्याच्या आकाराचं भोक पडतं, ती या यंत्राची जन्मखूण समजायची. ज्यांना ते खुपतं ते शेवटचं मळणं झालं की ओल्या हाताने पातं काढून घेतात.

एवढ्या किरकोळ सामग्रीला जमवून आणायला जपानमधल्या एका बलाढ्य कंपनीचा दम निघाला होता. ही कंपनी म्हणजे ओसाकाची मात्सुशिता इलेक्ट्रिक. आपण तिला पॅनासोनिक या नावाने ओळखतो. १९८४ मध्ये तिने स्वयंपाकघरातल्या उपकरणांचे तीन विभाग एकत्र केले. एक विभाग राइस कुकर करायचा, दुसरा तापवणारी उपकरणं आणि तिसरा मिक्सर-फूड प्रोसेसरसारखी फिरणारी उपकरणं. भात शिजवणारे, तापवणारे आणि फिरवणारे एका छताखाली आणले खरे, पण तिघांना मिळून करता येईल असं काम कुठे होतं? ब्रेडमध्ये ते सापडलं. वेळ आणि तापमान सांभाळणारी चिप पहिल्यांकडून, कॉइल दुसऱ्यांकडून, मोटर तिसऱ्यांकडून. कागदावर सगळं जुळत होतं. ब्रेड मात्र होत नव्हता. बाहेरून करपलेला, आतून कच्चा, असा काहीतरी गोळा भांड्यातून निघायचा. इंजिनिअरांनी यंत्राने मळलेल्या आणि कसलेल्या बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढून शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यातूनही हाती काही लागलं नाही.

१९८५ मध्ये त्या गटातल्या सॉफ्टवेअर करणाऱ्या इकुको तनाका यांनी वेगळा मार्ग सुचवला. ओसाकात सगळ्यात चांगला ब्रेड ओसाका इंटरनॅशनल हॉटेलात मिळतो अशी ख्याती होती. तर मग त्या हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखालीच काम शिकू या, असं त्यांचं म्हणणं. त्या शिकल्या. शिकता शिकता त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस पीठ नुसतं दाबत नाही. ते ओढतो आणि ओढताना पिळतो. त्यालाही हे सांगता आलं नसतं, कारण त्याचे हात ते करत होते. आपल्याकडे ‘कणीक चांगली तिंबायला हवी’ एवढंच सांगून आजी मोकळी व्हायची, तसंच. तनाकाबाईंनी हे इंजिनिअरांना समजेल अशा भाषेत मांडलं. मग वर्षभर खटपट चालली. भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या धारा काढल्या, म्हणजे पातं फिरताना पीठ त्या धारांना अडकून ताणलं जाईल. पात्याचा वेग बदलला. फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘होम बेकरी’ नावाने ते यंत्र ३६ हजार येनला बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षात पाच लाखांच्या वर खपलं. पुढे इकुजिरो नोनाका यांनी ही गोष्ट १९९१ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिली. तेव्हापासून व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरांना ती जगभर शिकवली जाते. तिचं तात्पर्य काय, तर माणसाच्या हातात मुरलेलं, त्यालाही बोलून दाखवता न येणारं ज्ञान कंपनीने शोधून काढलं आणि यंत्रात भरलं.

गोष्ट छान आहे. पण ती पूर्ण नाही, असं म्हणणारी माणसंही निघाली. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी रॉड्रिगो रिबेरो यांनी २००७ मध्ये एका निबंधात या गोष्टीची उलटतपासणी केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. बेकरच्या डोक्यातलं ज्ञान यंत्रात उतरलेलं नाही. यंत्र करतं ते एकाच ठरीव पद्धतीने ढवळणं आणि तापवणं. बेकर पीठ बघून पाणी ठरवतो, हवा बघून वेळ ठरवतो, गिऱ्हाईक बघून भाजणं ठरवतो, आणि यातलं काहीही यंत्राला येत नाही. उरलेलं काम ज्याने यंत्र घेतलं तो करतो, किंवा त्याच्यासाठी आधीच कुणीतरी करून ठेवलेलं असतं: ठरावीक प्रतीचं पीठ, मोजून दिलेलं यीस्ट, पुस्तिकेतलं प्रमाण.

हा निबंध वाचताना मला आपली गिरणी आठवली. जपानमध्ये किंवा अमेरिकेत ‘ब्रेडचं पीठ’ म्हणून पिशवी मिळते. त्यात प्रथिनं बारा-तेरा टक्के असणार, आज असतील तेवढीच पुढच्या महिन्यातही. यंत्राने गृहीत धरलेलं पीठ ते. आपण मात्र डब्यातून गहू नेतो, कधी लोकवन, कधी सिहोर, सांगली-साताऱ्याकडची मंडळी खपली, आणि गिरणीवाल्याला ‘जरा बारीक’ म्हणून सांगतो. या पिठाला कुठलाही कारखाना जबाबदार नाही. म्हणजे जे काम तिकडे पिशवीत आधीच करून ठेवलेलं असतं ते इकडे आपल्या अंगावर येतं. ब्रेड मशीन घेऊन निराश झालेली जी मंडळी मला भेटली, त्यांतल्या बहुतेकांचं यंत्र उत्तम होतं. पुस्तिकेतलं प्रमाण दुसऱ्याच पिठासाठी लिहिलेलं होतं, इतकंच.

तेव्हा पिठाकडे जरा निवांत पाहू.

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांचं मिळून ग्लुटेन होतं. ते दिसत नाही असं कोण म्हणतं? कणकेचा लिंबाएवढा गोळा वाडग्यातल्या पाण्यात चोळून चोळून धुवा. पांढरं पाणी निघत राहील, तो स्टार्च. शेवटी बोटांत रबरासारखा चिवट, करडा गोळा उरेल, ते ग्लुटेन. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, ग्लुटेनची जाळी तो वायू धरून ठेवते आणि ब्रेड फुगतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ही जाळीच नाही. म्हणून भाकरी थापावी लागते, आणि म्हणून नुसत्या ज्वारीचं पीठ ब्रेड मशीनमध्ये घालणाऱ्याच्या हाती वीट येते. जपानी लोकांनी तांदळाचाही ब्रेड करून पाहिला. सान्यो कंपनीने २०१० मध्ये ‘गोपान’ नावाचं यंत्र काढलं, त्यात अख्खे तांदूळ भिजायचे, तिथेच वाटले जायचे आणि त्यांचा ब्रेड व्हायचा. पण त्यालाही वरून गव्हाचं ग्लुटेन घालावं लागायचं.

खपली गहू चवीला गोड, पचायला हलका म्हणून हल्ली भाव खातो. त्याची खीर करावी, पोळ्याही होतात. ब्रेडला तो चालत नाही. त्याच्या ग्लुटेनला दम नाही, ब्रेड अर्ध्या उंचीवर बसतो. बन्सी म्हणजे ड्युरम जातीचा; त्याचं ग्लुटेन मजबूत असतं पण ताणलं जायला नाराज असतं. रवा, शेवया यांना तो ठीक. लोकवनने काम भागतं. आपल्या मैद्यात प्रथिनं साधारण दहा-अकरा टक्के असतात, म्हणजे परदेशी ब्रेडच्या पिठाहून कमी, तरी त्याचा ब्रेड होतो.

खरी गोम गिरणीच्या दगडात आहे. दगडी जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च साध्या स्टार्चच्या मानाने कितीतरी जास्त पाणी पितो. पोळी मऊ राहते, फुलका टम्म फुगतो, याचं बरंचसं श्रेय त्या फुटलेल्या स्टार्चला आहे. त्यात कोंडा, तोही पाणी पितो, पण सावकाश. परदेशी पुस्तिकेतल्या मापाने पाणी घातलं तर आपल्या कणकेचा गोळा इतका घट्ट होतो की पातं कण्हायला लागतं. अर्धा किलो मैद्याला तीनशे ते सव्वातीनशे मिलिलिटर पाणी पुरतं. तेवढ्याच कणकेला साडेतीनशेच्या खाली भागत नाही आणि बऱ्याचदा त्याहून जास्त लागतं. पुन्हा कोंड्याच्या धारदार कणांनी ग्लुटेनची जाळी कापली जाते ते वेगळंच. त्यामुळे शंभर टक्के कणकेचा ब्रेड बेकरीतल्या पांढऱ्या ब्रेडइतका उंच होणार नाही, हे आधी मनाशी मान्य करावं. अर्धी कणीक, अर्धा मैदा ही तडजोड वाईट नाही. ज्यांना मैदा नकोच आहे त्यांना वेगळं विकत मिळणारं सुकं ग्लुटेन दोन-तीन चमचे घालता येतं. आणि गिरणीतून आणलेलं गरम पीठ तसंच भांड्यात घालू नये; ते थंड होऊ द्यावं.

मापं वजनकाट्यावर घ्यावीत. अमेरिकन पुस्तिकेतला कप, भारतीय पुस्तिकेतला कप आणि यंत्राबरोबर आलेला प्लास्टिकचा कप, तिन्हींची जात एक नाही. अर्धा किलो पिठाला दहा ग्रॅम मीठ, पाच ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मिठाने चव येते, शिवाय यीस्टची घाईही आवरली जाते. मीठ विसरलेला ब्रेड वेड्यासारखा फुगतो आणि बसतो.

इतकं करूनही पीठ आपलं ते खरं करतंच. म्हणून या सगळ्या प्रकारात माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची वेळ मळणं सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या मिनिटाची. यंत्रावर झाकण उघडू नये असं लिहिलेलं असतं, ते फुगताना आणि भाजताना पाळायचं. मळताना बेलाशक उघडावं. पात्याभोवती एक गुळगुळीत उंडा फिरत असेल, भांड्याच्या बाजू स्वच्छ असतील, बोट लावलं तर किंचित चिकटून सुटत असेल, तर झाकण लावून आपल्या कामाला जावं. गोळा कोरडा, तडे गेलेला, खडखडत फिरत असेल तर एक चमचा पाणी. भांड्याला चिकटून खीर झाली असेल तर एक चमचा पीठ. दर वेळी एकच चमचा, मग मिनिटभर थांबायचं. ज्या बाईने आयुष्यभर परातीत कणीक मळली आहे तिला यातलं काहीही शिकवावं लागत नाही. ती झाकण उघडते, एक नजर टाकते आणि पाण्याचा हात मारते. इंजिनिअर मुलगा पुस्तिका घेऊन शेजारी उभा असतो, आणि ब्रेड आईचा चांगला होतो.

आता एका जाहिरातीबद्दल. भारतात हे यंत्र ‘आटा मेकर’ म्हणूनच जास्त विकलं गेलं. कणीक आधी, ब्रेड नंतर. मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, केंट कंपनीने आपल्या आटा आणि ब्रेड मेकरची जाहिरात समाजमाध्यमांवर टाकली. घरकामाला येणाऱ्या बाईच्या हातांनी कणीक मळू देता का, तिच्या हातांना संसर्ग असू शकतो, असा जाहिरातीचा आशय होता. लोक खवळले. जाहिरात मागे घेतली गेली, कंपनीने माफी मागितली, विषय मिटला. मला त्यातली एक विसंगती आजही डाचते. हेच यंत्र घडवायला ओसाकातली एक शिकलेली बाई एका कामगाराच्या हाताखाली जाऊन त्याच्या हातांकडे बघत राहिली होती. त्या हातांचं कसब पकडता आलं म्हणून यंत्र चाललं. पस्तीस वर्षांनी तेच यंत्र विकायला दुसऱ्या एका कामगाराचे हात घाणेरडे ठरवले गेले. ज्या घरांनी त्या काळात कामवाल्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं आणि पगार मात्र चालू ठेवला, ती घरंही होती, हे नोंदवायला हवं. पण जाहिरात त्या घरांसाठी लिहिलेली नव्हती.

पीठ ओळखण्याचं कामही यंत्रावर सोपवता येईल का, याचा विचार झालेला आहे. प्रणोती नगरकर आणि ऋषी इसरानी यांनी २००८ मध्ये सिंगापुरात कंपनी काढून पोळ्या करणारं ‘रोटीमॅटिक’ घडवायला घेतलं. ते गिऱ्हाइकांच्या घरी पोचायला आठेक वर्षं गेली. पोळीसाठी पीठ आणि पाणी यांचं प्रमाण त्या यंत्राला स्वतःच जुळवावं लागतं. एक साधी पोळी यंत्राला इतकी महाग पडते, यावरून परातीपुढे बसलेली बाई काय काय करत असते त्याचा अंदाज यावा.

पिठानंतरचा आपला दुसरा शत्रू म्हणजे ऊन. ब्रेडचं पीठ चोवीस ते सत्तावीस अंशांच्या आसपास सुखात असतं. ब्रेड मशीनला तापवता येतं, गार करता येत नाही. ओसाकाचा उन्हाळाही दमट आणि तापदायक असतो, तिथेही यीस्ट वेळेआधी उसळायचं. त्यावर मात्सुशिताने शोधलेला उपाय म्हणजे यीस्ट सुरुवातीला घालायचंच नाही, मळणं बरंच झाल्यावर घालायचं. त्यासाठी काही यंत्रांत झाकणाला यीस्टची छोटी कुपी असते, ती वेळ झाली की आपोआप उघडते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक यंत्रांना ती नसते. मग एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगाव, सोलापूरकडे काय करायचं? पाणी फ्रिजमधलं, बर्फाळ घ्यायचं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. यीस्ट पाचाच्या जागी तीन ग्रॅम. जमलं तर लहान वेळेचा कार्यक्रम निवडायचा आणि पहाटे यंत्र लावायचं. ब्रेडचा माथा खचलेला, आत मोठी भोकं, वास आंबूस, असं झालं की समजावं पीठ भाजायच्या आधीच थकून गेलं होतं. टायमर लावून रात्री झोपायची सोय उन्हाळ्यात विसरावी. आणि दूध किंवा अंडं घातलेलं असेल तर कुठल्याच ऋतूत टायमर नको.

पावसाळ्याची तऱ्हा आणखी निराळी. कोकणात आणि मुंबईत पीठच हवेतून ओल धरतं, तेव्हा पाणी दोन चमचे कमी. घरच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखणारं कॅल्शियम प्रोपिओनेट नसतं, त्यामुळे जुलैत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. फ्रिजमध्ये ठेवला तर बुरशी लांबते पण ब्रेड शिळा लवकर होतो, कारण त्याच तापमानाला स्टार्च सगळ्यात वेगाने कडक होतो. पूर्ण गार करून, काप करून फ्रीझरमध्ये टाकावा, हवे तेवढे काप काढून तव्यावर भाजावेत. भाजून झाल्यावर ब्रेड भांड्यातच विसरला तर वाफेने त्याची कड चामट होते. लगेच काढून जाळीवर ठेवावा.

विजेचंही एक दुखणं आहे. बऱ्याच यंत्रांना काही मिनिटांपुरती आठवण असते, तेवढ्यात वीज आली तर ती पुढे चालू लागतात. भारनियमन तासाभराचं असेल तर कार्यक्रम पहिल्यापासून. तोवर पीठ फुगलेलं असेल तर ते काढून ओव्हनमध्ये किंवा सरळ कढईत झाकण ठेवून भाजावं, वाया घालवू नये. परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं यंत्र आधी मागच्या बाजूने वाचावं. अमेरिकेतलं ११०-१२० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या खटक्यात थेट लावलं तर ते जळतं.

इतका उपद्व्याप कशासाठी, असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड मिळतोच. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तिथल्या ब्रेड, पाव, बनचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश निघाले. पिठाला बळ यावं, ब्रेड उंच फुगावा म्हणून ही द्रव्यं घातली जात. ब्रोमेट हे माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यावर बंदी घातली. तेव्हा आत्ताच्या ब्रेडला विष म्हणत सुटणं बरोबर नाही. पण पाकिटामागची यादी वाचायची सवय लागली तर चांगलंच. त्यात पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘ब्राउन ब्रेड’च्या यादीत पहिला मैदा आणि पुढे कुठेतरी कॅरॅमल रंग दिसला की तपकिरी रंग कुठून आला ते कळतं. घरच्या ब्रेडचा मोठा लाभ हाच की यादी आपण लिहितो.

पावाचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी यंत्राची बाजू घेणार नाही. लादी पाव अंगाला अंग लावून फुगतात, म्हणून त्यांच्या कडा मऊ आणि माथा तेवढा खरपूस. विटांची भट्टी लाकडावर तापवून ठेवली की तिच्या तळातून आणि छतातून जी धग येते ती भांड्याभोवतीच्या कॉइलला साधत नाही. मशीनच्या ब्रेडच्या बाजू गडद असतात आणि माथा बहुधा फिकट. ब्रुन पाव त्यात होणारच नाही. गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोळी, उंडे, कांकणं ही त्याच्या भट्टीची आणि हाताची. पूर्वी तर त्या पिठाला माडाची सूर लागायची. त्यांची नक्कल यंत्रात करू पाहणं हा फुकटचा खटाटोप आहे.

भट्ट्यांचं पुढे काय होणार हाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेची अवस्था बघता हे व्हायलाच हवं होतं. बेकरीवाल्यांचं म्हणणं, भट्टी पाडून नवी यंत्रणा बसवायचा खर्च झेपणारा नाही आणि पावाची चवही बदलेल. दोघांचंही खरं आहे. खर्चाचा काही भार सरकारने उचलला तर पाव आणि हवा दोन्ही राहतील. नाहीतर लहान बेकऱ्या बंद होतील आणि त्यांच्या जागी कारखान्यातला पाव पाकिटातून येईल. घरोघरी ब्रेड मशीन घेऊन ही फट बुजणारी नाही. वडापाव विकणाऱ्याला पहाटे शेकड्यांनी पाव लागतात, आपल्या यंत्रातून चार तासांत एक ब्रेड निघतो.

घरी पाव करायचाच असेल तर मशीनकडून फक्त मळून आणि एकदा फुगवून घ्यावं. मग गोळे करून, ताटात एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवून, दुप्पट झाले की वरून दुधाचा हात फिरवून ओटीजीमध्ये चांगल्या तापलेल्या आचेवर भाजावेत. यंत्राचा मला पटलेला उपयोग हाच. ज्या कामात दंड भरून येतात ते त्याने करावं, ज्यात डोळे आणि बोटं लागतात ते आपण. संधिवाताने बोटं धरलेल्या, पण रोज चार माणसांची कणीक मळावी लागणाऱ्या बाईला हे यंत्र चैनीचं नाही, गरजेचं आहे. तिने जरूर घ्यावं, आणि घरच्यांनी ते आणताना ‘रोज ताजा ब्रेड’ वगैरे कारणं सांगत बसू नये. ज्यांना केवळ हौस आहे त्यांनी आधी ओळखीच्या कुणाच्या तरी माळ्यावरचं मागून आणावं. बहुतेक सोसायट्यांत एखादं सापडतंच.

आणि सुरुवात करायची तर दिवाळीनंतरचा मुहूर्त चांगला. दिवाळी सरली की पुण्या-नाशकाकडे दिवसा स्वयंपाकघरातलं तापमान पंचवीसच्या आसपास येतं, फेब्रुवारीपर्यंत साधारण तसंच राहतं, आणि पिठाला हवं असतं तेही तेवढंच. या तीन महिन्यांत आपल्या गिरणीचं पीठ किती पाणी पितं ते वहीत लिहून ठेवा. मेमध्ये त्यातलं पाणी बर्फाचं करा आणि यीस्ट कमी करा. बाकी प्रमाण बदलावं लागणार नाही.